न हललेला फोटो

फोटोवाल्याने गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी धरून इंचभर खाली केली. तो कॅमेऱ्यामागे जाईपर्यंत ती परत वर आली.

"काका, हनुवटी."

"खालीच आहे."

"डावा कान," कोपऱ्यातून आवाज आला.

गिऱ्हाईक दचकलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर आठ वर्षांची एक मुलगी उजेड परतवायचा पांढरा पुठ्ठा धरून बसली होती. बसली होती म्हणजे स्टुलाला टेकलेला भाग तेवढा बसला होता, बाकीची सगळी हलत होती. पाय झुलत होते, मान डुलत होती आणि बोटं पुठ्ठ्यावर टकटक करत होती.

"काय म्हणते ही?"

"तुमचा डावा कान केसांखाली गेलाय. पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात."

"एका कानाने परदेशी जाता येत नाही का?"

"आजवर तरी कोणी गेलेलं नाही."

गिऱ्हाइकाने केस मागे सारले. पुठ्ठ्यावरची टकटक थांबली नाही, पण तक्रारही आली नाही. म्हणजे कान मंजूर झाला होता.

फोटोवाला आपल्या या मुलीला साहेब म्हणायचा, कारण ती कामात चुका काढायची आणि कौतुक कधी करायची नाही. ती तीन वर्षांची असताना तिला ऑटिझम असल्याचं कळलं होतं. तिने कुणाच्या डोळ्यांत बघितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती कान बघायची. गल्लीतल्या सगळ्या माणसांना ती कानांवरून ओळखायची, आणि त्यात ती सहसा चुकत नसे.

जाताना गिऱ्हाईक दर्शनी काचेपाशी थांबलं. काचेत तिचाच एक मोठा फोटो होता. त्यात चेहरा शांत होता, ओठ किंचित विलग होते आणि डोळे थेट समोर होते.

"ही तीच का? फोटोत किती गुणी दिसते हो. कशी बघतेय एकटक!"

"मिळतात अशी आठ-दहा सेकंदं," फोटोवाला म्हणाला. "वाट बघावी लागते."

हे सांगताना त्याची मान थोडी ताठ व्हायची. हा त्याच्या धंद्यातला सगळ्यात चांगला फोटो होता. घरातलाही होता.

तिची आई तीन वर्षांपूर्वी वेगळी राहायला गेली. भांडण असं झालं नव्हतं. एका सकाळी ती म्हणाली, "पाच वर्षांत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी या घरातलं कपाट झालेय." पुढे हा फोटो निघाल्यावर फोटोवाल्याने त्याची एक प्रत तिला पाठवली. मागे लिहिलं, 'बघते. थांबावं लागतं.' त्यानंतर महिनाभर तिचा फोन आला नाही. तो आला नाही याचं त्याला वाईट वाटलं, आणि जरासं बरंही वाटलं.

*

शाळेच्या वहीत शेरा आला होता: 'वर्गात लक्ष नसते. मधेच ऐकणे बंद करते.' बाईंनी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं होतं. फोटोवाला गेला तो बाईंना खोटं पाडायच्या तयारीने गेला. पिशवीत एक जाडजूड पाकीट होतं.

"लक्ष नसतं म्हणतात," त्याने डॉक्टरांच्या टेबलावर एकेक फोटो मांडला. "हे बघा, आणि हे. माझी तीस-तीस वर्षांची गिऱ्हाइकं इतकी स्थिर बसत नाहीत."

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. साहेब त्यांच्या खुर्चीमागे बसून खुर्चीचं चाक फिरवत होती, त्यामुळे डॉक्टर बोलता बोलता हळूहळू खिडकीकडे वळत होत्या. त्यांनी पायाने स्वतःला सरळ केलं आणि फोटो जवळ ओढले.

"हे एकापाठोपाठ काढलेत?"

"सेकंदाला एक. हा संच अकराचा आहे. मागे वेळ लिहिलीय."

"पहिल्यात पुठ्ठा हातात आहे. चौथ्यात जमिनीवर."

"सुटला असेल."

"तिने खाली बघितलं नाही."

"नाही ना! तेच तर म्हणतोय. काय एकाग्रता!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "या वेळी तुम्ही तिला हाक मारली होती?"

"हाक मारून कसं चालेल? फोटो हलेल."

"कधीच नाही मारली?"

"मी तर श्वाससुद्धा रोखून धरतो."

डॉक्टरांनी अकरावा फोटो उचलला. काचेत लावलेला तोच होता. "तोंडाला लाळ वगैरे?"

"ओठाच्या कोपऱ्यात होती थोडी. ती मी संगणकावर काढली," फोटोवाला म्हणाला. "एक पापणीही जरा खाली होती. दोन मिनिटांचं काम असतं ते."

चाकाचा आवाज येत राहिला. फोटोवाल्याने टेबलावरच्या अकरा चेहऱ्यांकडे पुन्हा बघितलं. आपण काय बोललो ते त्याला आता ऐकू आलं.

"फिटचा झटका आला की माणूस पडतो," तो म्हणाला. "हातपाय झाडतो."

"सगळे नाही पडत. काही नुसते थांबतात." डॉक्टर सावकाश बोलत होत्या. "मी आत्ताच नाव देणार नाही. ऑटिझम असलेल्या मुलांचं लक्ष उडतं, आणि काहींना झटकेही येतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसू शकतं. हाक मारली, खांद्याला हात लावला तर ती परत येते का ते बघा. गुरुवारी मेंदूचा आलेख काढू."

"आणि आलेखात काही दिसलं तर?"

"औषध आहे. बऱ्याच मुलांचं पूर्ण थांबतं."

"पूर्ण?"

"हो."

डॉक्टर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी दिलेली बातमी तशी चांगली होती.

"चांगलंय," फोटोवाला म्हणाला.

"एक सांगते. इतकी नीट नोंद माझ्याकडे कुठल्याच आईवडिलांनी आणलेली नाही."

सवयीने तो थँक्यू म्हणाला. मग त्याने फोटो गोळा केले, वेळेप्रमाणे लावले, आणि पाकिटात घालताना सगळे पालथे केले.

*

बुधवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फोटोवाला कानावर पेन्सिल खोचून पडद्याजवळचा दिवा पुसत होता.

"डावा," स्टुलावरून आवाज आला, आणि टकटक थांबली.

त्याने वळून बघितलं. पाय थांबले होते. मान थांबली होती. डोळे थेट त्याच्याकडे होते. त्याचा हात आपसूक कॅमेऱ्याकडे गेला, आणि कॅमेऱ्यावर पोचल्यावर त्याला तिथे काही काम उरलं नाही.

"साहेब," त्याने हाक मारली.

आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. तो जवळ गेला. खांद्यावर हात ठेवला. पुठ्ठा खाली पडला. तो एक पाऊल डावीकडे सरकला. डोळे त्याच्याबरोबर आले नाहीत. मघाशी तो जिथे उभा होता तिथेच ते बघत होते. तिथे आता मागचा पडदा होता. पडद्यावर रंगवलेलं तळं होतं.

"साहेब. ए साहेब. बाळा."

तो मनात मोजत होता. नऊ. दहा. अकरा.

"कान," ती म्हणाली, आणि पाय झुलायला लागले.

फोटोवाल्याने कानावरची पेन्सिल काढली आणि तळहातावर वेळ लिहिली. मग त्याने काचेतला फोटो उतरवला. मागची भिंत तेवढीच चौकोनी, कमी मळलेली निघाली. त्या चौकोनाकडे बघत त्याने मुलीच्या आईला फोन लावला.

"मी तुला तो फोटो पाठवला होता ना," तो म्हणाला.

"हं."

"बघत नव्हती ती. तेव्हा ती तिथे नव्हतीच. बहुतेक झटका होता तो. प्रत्येक वेळी तेच होतं. सगळे फोटो तसलेच आहेत."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

"म्हणजे तूही कपाटच," ती म्हणाली.

"हो."

"उद्या किती वाजता आहे?"

त्याने तिला गुरुवारचं काही सांगितलं नव्हतं. "तुला कुणी सांगितलं?"

"तू शाळेत रजा मागितलीस ना, तिथून मलाही फोन येतो. किती वाजता?"

"डावा कान," कोपऱ्यातून आवाज आला.

त्याने फोन उजव्या कानाला लावला.

"दहाला."

"उजवा कान."

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

फोटोवाल्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, केस मागे सारले, आणि दोन्ही कान दिसतील असा स्टुलासमोर बसून राहिला.