पुढे तोंड करून

मित्रांनो, मला जुना म्हणा, पोचा पडलेला म्हणा, मी रागावणार नाही. पण मोडीत निघालेला म्हणू नका. मी मेलोफोन आहे, आणि अजून वाजतो.

माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल. ट्रंपेट मात्र पाहिला असेल. त्याचा मी जाडजूड भाऊ. एका बाजूने ओठ लावून फुंकायचं, वरच्या तीन कळा बोटांनी दाबायच्या, की समोरच्या रुंद तोंडातून आवाज बाहेर पडतो. माझ्या नात्यातल्या काही वाद्यांची तोंडं आभाळाकडे असतात, काहींची मागे वळलेली असतात. माझं तोंड मुद्दाम सरळ पुढे केलेलं आहे. माझा जन्मच चालता चालता वाजण्यासाठी झाला आणि चालणाऱ्याने मागे बघून भागत नाही.

अमेरिकेतल्या एका कारखान्यात पितळेचा पत्रा ठोकून, वळवून, डाग देऊन मला घडवलं. तिथून मी गेलो थेट एका ड्रम कोअरमध्ये. ड्रम कोअर म्हणजे दीडशेएक तरुण मुलामुलींचा चमू. निम्म्यांच्या हातात पितळी वाद्यं, बाकीच्यांकडे ढोल-ताशांचे भाऊबंद आणि झेंडे. भल्यामोठ्या मैदानावर चालत, पळत, उलट्या पावलांनी मागे जात ते वाजवतात. पाऊल जरा चुकलं तरी परीक्षक गुण कापतात. उन्हाळाभर आम्ही गावोगाव हिंडलो. मुलं शाळांच्या फरशीवर झोपायची आणि सकाळी उठून पुन्हा उन्हात उभी राहायची. तिसऱ्या वर्षी उलटं चालताना माझी एका थोरल्या वाद्याशी टक्कर झाली आणि माझ्या तोंडाच्या कडेला पोचा पडला. वाजवणारी मुलगी थांबली नाही. मीही थांबलो नाही. तो पोचा म्हणूनच मला प्रिय आहे.

पुढे त्या चमूला नवी वाद्यं मिळाली आणि आम्हा जुन्यांना विकून टाकलं. एका तरुणाबरोबर मी न्यूझीलंडला आलो. त्याचं लग्न झालं, मुलं झाली आणि मी गॅरेजमधल्या कपाटावर चढलो. दहा वर्षं मी तिथे कोळ्यांना घर दिलं. शेवटी एका रविवारी मला ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या बाजारात आणून ताडपत्रीवर मांडलं. एका बाजूला जुन्या इस्त्र्या, दुसऱ्या बाजूला अळूचे कंद. एक बाई मला उचलून म्हणाली, "यात काय छान झाड लावता येईल!"

मित्रांनो, मला हात असते तर मी त्या बाईंना कोपरापासून नमस्कार केला असता.

तेवढ्यात एक माणूस मेथीच्या जुड्या हातात घेऊन माझ्यासमोर थबकला. त्याने मला पाहिलं आणि लहान मुलासारखा ओरडला, "मेलोफोन!"

त्या देशात इतक्या वर्षांत मला कुणीही नावाने हाक मारली नव्हती.

"अहो, आपण भाजी घ्यायला आलोय," मागून त्याची बायको म्हणाली.

"सरिता, अगं, मेलोफोन आहे हा! ड्रम कोअरवाला!"

"असू दे. मेथी चेंगरतेय तुमच्या हातात."

हे होते सुखदेव आणि सरिता. सुखदेव पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर. यंत्रं बंद पडली की आधी त्याला बोलावतात. त्यांची मुलगी आरुषी चौदा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते आणि फारच चिडली की मराठीत भांडते.

घरी आल्यावर सरिताने माझ्याकडे पाहिलं. मी काळवंडलेलो होतो. बिचारीने पितळेची समई घासावी तसं मला चिंच आणि मिठाने मन लावून घासलं. आता तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर एक पातळ चकचकीत लेप होता, तो हवा लागू नये म्हणून देतात. चिंचेने आणि सरिताच्या काथ्याने तो अर्धा निघून गेला. सुखदेव डोक्याला हात लावून बसला.

"पितळ आहे ना? मग चिंचेनेच निघतं की," सरिता म्हणाली.

निघालं खरं. पण एक सांगू? लेपाखाली माझं स्वतःचं पितळ होतं. ते पहिल्यांदाच उजेडात आलं.

सुखदेव ड्रम कोअरचा वेडा चाहता होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेत अंतिम स्पर्धा होते, तेव्हा ऑकलंडमध्ये रविवारची दुपार असते. त्या दिवशी घरात कुणी टीव्हीचा रिमोट मागायचा नाही. वरण-भाताचं ताट मांडीवर घेऊन सुखदेव पडद्याशी बोलत बसायचा. "बघ, बघ, त्या मुलीचं पाऊल बघ! आणि याला गुण कमी? परीक्षक झोपलेत का?" गुणांच्या दशांशावरून तो अनोळखी लोकांशी फोनवर लिहून भांडायचा.

"पप्पा, यू आर सो एम्बॅरसिंग," आरुषी म्हणायची. "इट्स जस्ट अ बँड!"

एकदा तिने हे म्हटलं, तेव्हा सुखदेवने टीव्हीचा आवाज बंद केला.

"तुझे आजोबा बँडमध्ये होते, माहीत आहे तुला? ट्रंपेट वाजवायचे. अकोल्याकडे, लग्नांमध्ये. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड नाचतंय आणि बाबा उन्हात लोकरीचा लाल कोट घालून पुढे चालताहेत. ते नसतील तर वरात निघायची नाही. पण मांडवात शिरायची वेळ आली की ते बाहेर. सगळ्यांच्या पंगती उठल्या की मांडवाच्या मागे त्यांना वाढायचे. उरलेलं."

आरुषी सोफ्याच्या कडेवर टेकली.

"बाबांनी मला ट्रंपेटला कधी हात लावू दिला नाही. म्हणाले, तू पुस्तक धर. पण लग्नाहून परत येताना ट्रकमध्ये मी त्यांच्या शेजारी बसायचो ना, तेव्हा ते माझं मनगट धरायचे आणि तीन बोटांनी त्यावर चाली दाबत राहायचे. त्यांच्या लक्षातही नसायचं. सगळ्या चाली माझ्या या हातात आहेत." मग त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि हे बघ. इतके हजार लोक नुसते बसून ऐकताहेत. पुढे कुणी नाचत नाही, घोड्यावर कुणी नाही. इथे बँडच नवरदेव आहे."

त्यानंतर आरुषीने 'जस्ट अ बँड' हे शब्द कधी उच्चारले नाहीत. उलट शाळेत ती ताशासारखा एक ढोल शिकायची, त्याच्या काठ्या घेऊन ती आमच्या शेजारी येऊन बसायला लागली.

सुखदेव मला रोज कामावर न्यायचा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या पार्किंगमध्ये, गाड्यांसाठी आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून तो मोजून पावलं टाकायचा आणि मला वाजवायचा. सुरुवातीला माझ्यातून म्हशीसारखा आवाज निघाला. पण त्याची बोटं मात्र चुकत नव्हती. त्याचा ओठ पन्नाशीत शिकत होता. बोटं लहानपणीच शिकून बसली होती. त्याचा टोंगा बेटांवरून आलेला कामावरचा सोबती सिओने भिंतीला टेकून ऐकायचा आणि सँडविच खाता खाता म्हणायचा, "बेटर, ब्रो. आता म्हैस नाही, रेडकू."

मार्च महिन्यात आंबेडकर जयंतीची बैठक सुखदेवच्या घरी झाली. एप्रिलमधल्या रविवारी, भारतीय दुकानांनी भरलेल्या सँडरिंगहॅमच्या हॉलपासून मैदानापर्यंत मिरवणूक काढायची होती. बैठकीला काशिनाथकाका आले होते. ऑकलंडमधल्या आपल्या माणसांत सगळ्यात वडीलधारे. नव्या आलेल्यांना घर शोधून देणारे, कुणाच्या मुलाचं अडलं की धावून जाणारे. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"काका, यंदा मिरवणुकीच्या पुढे मी वाजवणार," सुखदेव मला दाखवत म्हणाला.

काकांनी माझ्याकडे नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. "ते बाजूला ठेव. स्पीकर ठरलाय."

"स्पीकर कशाला? माणूस आहे की."

"सुखदेव, अरे, आपण शिकलो ते कशासाठी? रस्त्यात बँड वाजवायला? तिथे सगळे आपल्याकडचे लोक किराणा घ्यायला, मिठाई घ्यायला येतात. ते बघतील आणि काय म्हणतील? इंजिनिअर झाले, परदेशी गेले, शेवटी बँडवालेच."

"म्हणू देत, काका."

"तुला म्हणू देत. आम्हाला नको." काकांचा आवाज चढला. "घरात वाजव हवं तेवढं. मिरवणुकीत नाही."

"काका, चहा गार होतोय," सरिता म्हणाली. पण तिने कप त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

त्या रात्रीपासून सुखदेवने मला पेटीत बंद केलं. पेटी गाडीच्या डिकीत गेली. तीन आठवडे मी अंधारात पडून होतो. खोटं कशाला बोलू, मला संताप आला होता. कपाटावरचं दुर्लक्ष मी सोसलं, कारण तिथे मला कुणी ओळखतच नव्हतं. पण ज्याने नावाने हाक मारली त्यानेच झाकून ठेवावं?

एक दिवस डिकी उघडली. समोर सिओने होता, मागे सुखदेव. सिओनेला त्याचा पाना हवा होता, सापडलो मी.

"हा इथे काय करतोय?" सिओनेने विचारलं. सुखदेवने सगळं सांगितलं. सिओने ऐकून घेऊन म्हणाला, "माझ्या वडिलांच्या गावी चर्चचा बँड होता. वाजवून झालं की पहिलं ताट बँडला. नंतर बाकीचे. तुझ्या वडिलांना कधी मिळायचं?"

सुखदेव डिकीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "सगळ्यांचं झाल्यावर. मागच्या बाजूला."

सिओनेने माझी पेटी उचलली आणि गाडीच्या पुढच्या सीटवर नेऊन ठेवली. वर सीटबेल्टही लावला.

मिरवणुकीच्या सकाळी सरिता म्हणाली, "पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय. वाजवायचंच आहे तर नीट दिसा." बस, एवढंच म्हणाली. आरुषीने शाळेतून मागून आणलेला ढोल गळ्यात अडकवला.

हॉलसमोर शंभरेक माणसं जमली होती. पांढरे कपडे, निळे झेंडे, 'जय भीम, जय भीम' चाललेलं. सगळ्यांच्या पुढे ट्रॉलीवर स्पीकर होता आणि स्पीकरच्या पुढे काशिनाथकाका. सुखदेव मला घेऊन थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी तुला सांगितलं होतं," काका हळू आवाजात म्हणाले.

"हो काका. मी ऐकलं होतं."

"मग?"

सुखदेव वाद घालत बसला नाही. मैदानावरची मुलं उचलतात तसं त्याने मला उचललं, ताठ, तोंड सरळ समोर, जराही खाली नाही. आरुषीने चार ठोके मोजले आणि मी वाजलो. मिरवणूक निघताना अकोल्याकडचे सगळे बँड जी सलामीची चाल वाजवायचे, ती. तिला नाव नाही. ती फक्त मनगटांमधून मनगटांमध्ये आलेली आहे.

किराणा दुकानाच्या दारात पिशव्या घेतलेले लोक थांबले. कुणी फोन वर धरला. काका जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते.

मित्रांनो, माझं तोंड पुढे आहे हे मी सुरुवातीलाच सांगितलं. म्हणून त्या गर्दीत कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं त्यांच्या डाव्या मनगटावर हलत होती. पहिलं. पहिलं-दुसरं. मोकळं. पुन्हा पहिलं. अगदी माझ्या कळांबरोबर.

चालीच्या तिसऱ्या फेऱ्यात सुखदेव चुकला. सूर घसरला आणि तो थांबला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दुसरं," काका म्हणाले.

"काय, काका?"

"तिथे दुसरं बोट. नुसतं दुसरं. तू पहिलंही दाबतोस." त्यांची मान ताठ होती. "पहिल्यापासून घे."

मग ते वळले, स्पीकरची तार स्वतः काढली आणि ट्रॉली ढकलत रस्त्याच्या कडेला घेऊन गेले.

"हाऊ डज ही नो?" आरुषीने दबक्या आवाजात विचारलं. तिचं मनगट धरून सुखदेवने त्यावर तीन बोटं दाबली आणि मला पुन्हा ओठांना लावलं. या वेळी तिसऱ्या फेऱ्यात दुसरं बोट पडलं, नुसतं दुसरं. आम्ही चालू लागलो. सगळ्यांच्या पुढे.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर माझं थोडं ऐका. त्याच्या कळांना तेल घाला. वाजवून झालं की आतलं पाणी काढा. कृपा करून चिंच लावू नका. त्यात झाड लावू नका आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लाज वाटते म्हणून त्याला डिकीत कोंडू नका. माझा पोचा काढून देतो असं परवा एकजण म्हणाला. सुखदेवने नको सांगितलं. शाबास.

आणि हो, मिरवणूक संपली, सगळे जेवायला बसले, की पहिलं ताट वाजवणाऱ्याला वाढा. मी पितळेचा, मला भूक नाही. पण ज्याने मला फुंकलं, त्याला असते.