ओठांत धरलेला सेल

“हात दोनच दिलेत देवाने. तोंडाला तिसरा हात करू नकोस. ओठांत काही धरायचं नाही.”

ज्यांच्या हाताखाली आबा घड्याळं दुरुस्त करायला शिकले, त्या थोरल्या घड्याळजींचे हे शब्द. चाळीस वर्षं आबांना ते आठवत होते आणि चाळीस वर्षं ते कानाआड करत होते. एका हातात चिमटा, दुसऱ्यात उघडं घड्याळ. मग बटणाएवढा सेल ठेवणार कुठे? टेबलावर ठेवला की घरंगळतो. ओठांत कसा मुकाट राहतो.

त्या दुपारी तीन वर्षांची भिंगरी शेजारच्या स्टुलावर बसून आजोबांची नक्कल करत होती. एक डोळा मिटलेला, मान वाकडी.

“अगं, तूच चालव आता दुकान! मी घेतो पेन्शन,” आबा हसत म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

परत आले तर भिंगरी खोकत होती, हनुवटीवरून लाळ गळत होती. सून धावत आली. “काय गिळलंस गं?”

“आबांसारखं केलं,” भिंगरी रडत म्हणाली.

आवाज ऐकून शेजारीण डोकावली. “नाणं-बिणं असेल. केळं चारा, उद्या पडेल बाहेर. आमच्या धाकट्याने तर शर्टाची तीन बटणं पचवलीत!”

आबांनी टेबलावर नजर टाकली. सकाळपासून चार घड्याळं उघडली होती. काढलेले सेल मात्र तीनच. संपलेलाच तर होता, असं मनात आलं. ते आबांनी तिथेच दाबलं.

“नाणं नाही. माझा सेल आहे,” ते म्हणाले. “केळं नको, काही नको. आधी गाडी बोलाव.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. गोलाच्या कडेला आत आणखी एक गोल दिसत होता. “नाण्याला अशी दुहेरी कड नसते. सेलच आहे, अन्ननलिकेत अडकलाय. किती वेळ झाला?”

“तास होत आला. पण... संपलेला होता हो.”

“तुमच्या घड्याळापुरता संपलेला, आजोबा. ओल्या जागी अडकला की तोही दोन तासांत नळी आतून भाजून काढतो.” बाई भिंगरीला घेऊन आत गेल्यासुद्धा.

बाहेर बाकावर सासरे आणि सून. दोघांत एक रिकामी जागा, भिंगरीची.

“बाबा, तिने तुमचंच बघून केलं.”

“हो.”

त्या ‘हो’पुढे काही जोडावं असं आबांना वाटलं नाही.

सेल दुर्बिणीने निघाला. आत भाजल्याचा डाग होता. तो भरेपर्यंत भिंगरीला तिथेच ठेवायचं, पुन्हा एकदा आत बघायचं. “लगेच आणलंत, नेमकं सांगितलंत, म्हणून थोडक्यात निभावलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने आबांचं बोट धरलं आणि ती पुन्हा झोपली. सुनेने तिचं पांघरूण सारखं केलं.

“बाबा, गिऱ्हाइकांना तुम्ही जुना सेल पुडीत बांधून परत देता ना?”

“देतो. नवा खरंच घातलाय याची खात्री पटावी म्हणून.”

“मग ती पुडी ते कुठे ठेवतात?”

आबांनी एकेक घर आठवून पाहिलं. फळीवर, खणात, चाव्यांच्या वाटीत. कुठेही.

“मी परत आणतो,” ते म्हणाले. “सगळ्या. लहान मुलं आहेत त्या घरांपासून सुरुवात करतो. तुला शब्द दिला.”

ते दुकानात आले. एका पिशवीत घट्ट झाकणाची बरणी आणि सेल गुंडाळायला चिकटपट्टीचं रीळ टाकलं. मागच्या गल्लीत जुळी नुकतीच रांगायला लागली होती. आबांनी दार ओढून घेतलं आणि ते तिकडे चालू लागले.