आसरांचं नवं देऊळ

बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीवर जाऊन पाण्याला हळदीकुंकू वाहती, ही आमची रीत हाय. तवाच ती भरली घागर उचलायला मोकळी. माझी सून शालू बाळंत झाली अन् मी कपाळाला हात लावला. हिला घेऊन जायचं कुठं?

विहीर ह्यांनी, म्हंजे आमच्या मालकांनी, तरणेपणी सुरुंग लावून खणलेली. काठाला सात शेंदरी दगड, पाणी राखणाऱ्या साती आसरा. गाव पुण्याच्या हद्दीत गेलं अन् आमच्या लेकानं, जयसिंगनं, मळ्यावर इमारती काढल्या.

हे म्हणाले, "बांध बाबा, माझी ना न्हाई. पर विहीर मधी ऱ्हाऊ दे. गच्चीचं पावसाचं पाणी तिच्यात सोड. एवढी माणसं येणार, पिणार काय?"

"आबा, तिथं पार्किंग बसतंय. एकेका गाडीची जागा लाखांत जाती."

विहीर बुजवली तर आसरा कोपतील, हे भ्या मात्र त्याला होतं. मेल्यानं तोडगा काढला. कोपऱ्यात संगमरवरी देऊळ बांधलं अन् बँड लावून साती आसरा तिकडं नेल्या. देव हलले, आता विहीर म्हंजे नुसता खड्डा! सगळं गाव जेवलं. मीबी जेवले. हे तेवढे डंपर येईस्तोवर काठावर बसून होते.

पुढं बोअरचं पाणी आटलं. आता रोज टँकर.

मग शालूला टँकरपाशी नेलं, दुसरं काय करू? त्याच्या नळाला कुंकू लावलं, खाली पाच खडे मांडले. गॅलरीतली एक बाई फोटो काढत म्हणाली, "किती क्यूट!" क्यूट म्हणे! हितं माझा जीव तीळतीळ तुटत होता.

हे काठी टेकत आले. ड्रायव्हरला म्हणाले, "पाणी कुठलं रं?"

"पलीकडच्या गावचं, आबा. लई मोठी विहीर हाय."

"काठाला आसरा हाईत का?"

"होत्या की. मागल्या महिन्यात नव्या देवळात नेल्या. काय तो बँड, काय ते जेवण!"

बाळाला घेऊन मागं उभ्या असलेल्या जयसिंगनं मान खाली घातली.

ह्यांनी शालूच्या घागरीत बोट बुडवलं अन् नातवाच्या ओठाला लावलं. "पी रं बाबा," म्हणाले, "हाय तवर पी." अन् टँकरच्या चाकाला टेकून, पोटच्या पोरासमोर, ढसाढसा रडले.