काळ्या जर्सीवरचे मीठ

माझ्या जावयाने सायकल विकत आणली, त्या दिवसापासून मी सावध झाले. उघडपणे बोलले मात्र काही नाही. ओत्सोलार्रेच्या, म्हणजे आमच्या घराच्या, मालकिणीने आधी पाहायचे आणि मग बोलायचे, हे मला माझ्या सासूने शिकवले आणि ते मी आजवर मोडलेले नाही.

आमच्या डोंगरात घराच्या वाटण्या होत नाहीत. घर, कुरणे, मेंढ्या, अक्रोडाची झाडे आणि आडनावाहून मोठे असलेले घराचे नाव, हे सारे एकाच अपत्याच्या हाती सोपवायचे; उरलेल्यांनी आपापली वाट धरायची. मी माझ्या धाकट्या मुलीला, नेकानेला, निवडले. नेकानेने मात्र निवडला सिगोर, मुत्रिकू बंदरातल्या एका कोळ्याचा मुलगा. तो घरजावई होऊन आला तेव्हा गवत कापायच्या विळ्याला धार कोणत्या बाजूने लावायची, एवढेही त्याला ठाऊक नव्हते. पुढे शिकला, ते मी नाकारत नाही. परंतु समुद्रकाठचा माणूस भरतीबरोबर येतो आणि ओहोटीबरोबर जातो, असे माझे वडील म्हणत, आणि ते सहसा चुकत नसत.

जूनअखेरीस, सान हुआनच्या सणानंतरच्या शुक्रवारी नोटरीकडे जाऊन घर दोघांच्या नावे करून द्यायचे ठरले होते. एकदा सही झाली की दाराला कुलूप लावून दोघे बंदरावर राहायला गेले, तरी मला त्यांना रोखता येणार नव्हते. म्हणून ती सायकल मला साधी वाटेना.

हिवाळा संपता संपता त्याने सुरुवात केली. रविवारी सकाळी आम्ही प्रार्थनेला निघायच्या आत हा निघे आणि दोनच्या जेवणाला हजर होई. रविवारचे जेवण दोन वाजता आणि सगळ्यांनी टेबलाशी असलेच पाहिजे, हा या घराचा नियम आहे. पहिल्या रविवारी तो जेमतेम गिरणीच्या पुलापर्यंत जाऊन आला आणि जिन्याचा कठडा धरून वर चढला. मला हसू आले. मग दर रविवारी त्याची निघायची वेळ अलीकडे सरकू लागली. तीन आठवडे असे वाढवत नेले की चौथ्या रविवारी तो थोडेसेच फिरून लवकर घरी येई आणि अंगणात पाय पसरून बसे. चोरसुद्धा मधूनच एखादा दिवस सभ्यपणे वागतो, तो संशय फेडण्यासाठीच, हे मला कळत होते.

त्याचे खाणेही बदलले. शनिवारी रात्री ताटभर भात, सकाळी पुन्हा भात, पाठीवरच्या खिशांत सुकी अंजिरे आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे. सागार्दो, म्हणजे आमची सफरचंदाची दारू, तर त्याने सोडूनच दिली. आमच्याकडे जो माणूस सागार्दोचा पेला परत करतो तो एक तर आजारी असतो, नाही तर त्याला आपल्या जिभेची भीती वाटत असते.

"कुठवर जातोस रे?" मी एकदा विचारले.

"धरणापर्यंत, आई."

"धरणाला जाऊन यायला अर्धा दिवस लागतो?"

"माझ्या पायांना लागतो."

नेकाने खाली मान घालून वाटाणे सोलत राहिली. तिची मान मला नीट वाचता येते.

मग एका सोमवारी धुण्याच्या ढिगात त्याची काळी जर्सी हाती आली. पाठीवर, काखेखाली, छातीवर पांढऱ्या रेषाच रेषा, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. मी बोट फिरवून जिभेला लावले. मीठ.

"नेकाने, हे काय आहे?"

"घाम वाळलाय, आई."

"मी काय आज जन्मले? पन्नास उन्हाळे गवत कापलंय या घरानं. तुझ्या वडिलांच्या शर्टांवर मी असलं कधी पाहिलं नाही."

"बाबांचे शर्ट पांढरे होते. पांढऱ्यावर मीठ दिसेल का?"

"तुझा नवरा म्हणतो, धरणावर जातो. धरणाचं पाणी गोडं असतं, बाई. हे मीठ खाली बंदरावरचं आहे."

तिने जर्सी माझ्या हातातून ओढून घेतली. "तू वास घे, चव घे, आता पोलिसांना बोलाव," एवढे बोलून ती निघून गेली.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. आमचा शेजारी सेबेरो तरुणपणी गावच्या सायकल मंडळाचा पुढारी होता. आमच्या अक्रोडाखालच्या कुरणावर त्याचा तीस वर्षे डोळा आहे. तो कुंपणापाशी उभा राहून सिगोरच्या मांडीचा स्नायू दाबून पाहत होता, जनावरांच्या बाजारात बैल पाहावा तसा. मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे होते.

"चांगला तयार होतोयस," सेबेरो म्हणत होता. "पण घाई करू नकोस. आणि म्हातारीला एवढ्यात काही कळू देऊ नकोस."

"सप्टेंबर आला की सांगेनच," सिगोर म्हणाला.

सप्टेंबर म्हणजे सही होऊन गेल्यावर. आता मला आणखी पुरावा नको होता. एकाला कुरण हवे होते, दुसऱ्याला समुद्र.

सहीच्या आधीचा रविवार उजाडला. सिगोर निघून गेल्यावर मी नेकानेला गाडी काढायला सांगितले.

"प्रार्थनेला अजून वेळ आहे."

"प्रार्थना संध्याकाळी. आज खिंडीत जायचं आहे."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या. धरण मागे टाकून रस्ता बीच वृक्षांच्या रानातून वर चढतो आणि खिंडीत पोहोचला की पलीकडे खाली, दोन डोंगरांच्या मध्ये, समुद्राची निळी चिंधी दिसते. तिथे मी घडीची खुर्ची उघडून रस्त्याच्या कडेला बसले. आम्ही त्याला वाटेत ओलांडून आलो होतो. त्याने मान खाली घातली होती, आम्ही दिसलो नाही. थोड्या वेळाने तो वळणावर आला. मला पाहून त्याने इतका जोरात ब्रेक दाबला की पडता पडता वाचला.

"आई! काय झालं? घरी काही—"

"घर जागेवर आहे. धरण केव्हा वर चढून आलं?"

तो धापा टाकत हसला. "धरण वाटेत लागतं. खोटं नाही बोललो."

"अर्धं खरं म्हणजे पूर्ण खोटं. इथून खाली जातोस ना? मुत्रिकूला?"

"नाही. इथूनच माघारी फिरतो."

"इतकं चढून येतोस आणि समुद्र दिसल्यावर पाठ फिरवतोस, असं मी मानायचं?"

त्याने सायकल कठड्याला टेकवली, एक अंजीर तोंडात टाकले. मी पाहत होते तेवढ्यात त्याच्या खांद्यावर, जिथे ऊन पडले होते तिथे, कापड वाळून पांढरी कड उठली. मी ती पाहिली.

"खाली उतरायला काय लागतं, आई? ब्रेक सोडला की सायकल आपणच जाते. वर यायला पाय लागतात. स्वतःच्या पायांनी जिथून परतता येतं तेवढंच लांब जायचं, मग पुढच्या वेळी थोडं आणखी. मार्चमध्ये मी पुलावरून फिरायचो. इस्टरनंतर धरणावरून. आता इथवर आलोय."

"आणि सेबेरो मला काय कळू देऊ नको म्हणत होता?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. शेवटी नेकानेच बोलली. "सप्टेंबरात मंडळाची मोठी फेरी आहे. मुत्रिकूला जायचं, समुद्राला हात लावायचा आणि त्याच दिवशी घरी यायचं. रविवारी असते. दोनचं जेवण चुकणार. तुला सांगायचं धाडस कोणाला होतं?"

उत्तर चोख होते. जरा जास्तच चोख. बैल विकणारा जितका गोड बोलेल तितके बैलाचे दात नीट पाहावेत. मनात आले, जाणाऱ्याला दार मीच उघडून द्यावे. सही झाल्यावर त्याने ते आपल्या हाताने उघडण्यापेक्षा ते बरे.

"मग सप्टेंबर कशाला?" मी म्हणाले. "आजच जा."

"आज?"

"समुद्राला हात लाव आणि ये."

"आई, त्याच्याजवळ खायला इथवर पुरेल एवढंच आहे," नेकाने म्हणाली. "पायही तयार नाहीत. असं एकदम जात नसतात!"

"खाली त्याची आई आहे. तिच्या घरी चूल पेटत असेल." मी त्याच्याकडे पाहिले. "काय जावईबापू? दोनला ताट वाढू ना?"

त्याचे हसू गेले होते. मी काय विचारते आहे ते त्याला समजले होते.

"दोनला नाही जमणार," तो म्हणाला. "पण वाढून ठेवा."

आणि वळणाआड उतरून गेला. किती सहज गेला! पाय हलवावे लागलेच नाहीत.

दोन वाजता मी काळा घेवडा, कोबी आणि सॉसेज टेबलावर ठेवले. तीन ताटे मांडली. नेकाने जेवली नाही. तिने फोन उचलला तेव्हा मी म्हणाले, "ठेव तो. बोलावून आणलेला माणूस मला नको."

"तुला तो नकोय की आम्ही दोघंही नकोयत?"

"मला हे घर उघडं हवंय."

"घर! त्याच्या आईला इथं लग्नानंतर एकदा तरी बोलावलंस?"

मी सिगोरच्या ताटाशेजारचा चमचा सरळ केला. घेवड्यावर साय धरली. उन्हाची पट्टी टेबलावरून भिंतीवर चढली. मनात मी शुक्रवारी नोटरीला काय सांगायचे, त्याची वाक्ये जुळवू लागले होते, आणि ती चांगली जुळत होती.

एवढ्यात सेबेरोची जुनी गाडी अंगणात आली.

"वहिनी, तुमचा जावई माझ्या खालच्या भिंतीवर बसलाय. गाडीत बस म्हटलं तर नको म्हणतो. आजचा वार विचारला तर विचार करून सांगतो."

मी फडक्यात पाव आणि बिहीच्या फळांच्या मुरंब्याची वडी गुंडाळली आणि नेकानेबरोबर, सेबेरोच्या गाडीमागून, चढ उतरून गेले. वय विसरून गेले असे कोणी म्हणेल. मी काठी घेऊन, नीट पाहून गेले. तो भिंतीवर बसला होता. ओठ पांढरे पडले होते, आणि नेकानेकडे तो अशा नजरेने पाहत होता की जणू तिला कुठे तरी पाहिल्यासारखे वाटते आहे.

"दिव्यातलं तेल संपलंय," सेबेरो म्हणाला. "असं पाठवतात का, वहिनी? दोन महिन्यांत वाढवायचं ते एका दिवसात? घोड्यालासुद्धा कोणी—"

"सेबेरो, तू तुझं कुरण सांभाळ. आमचं सोडून."

मी वडीचा तुकडा सिगोरच्या तोंडाशी धरला. त्याने लहान मुलासारखा खाल्ला. दुसरा. मग पाव. हळूहळू चेहऱ्यावर माणूस परत आला.

"आईकडे जेवला नाहीस?" मी विचारले.

"गेलोच नाही."

"का?"

"गेलो असतो तर बसलो असतो. तिनं मासे वाढले असते. मग उठवलं नसतं." त्याने तोंड पुसले. "धक्क्यावर हात बुडवला आणि फिरलो. घर वरच्या गल्लीत आहे. खिडकी उघडी होती. कोणीतरी पडदा झटकत होतं."

मला समाधान वाटायला हवे होते. मी मागितला तो पुरावा माझ्यापुढे बसून मुरंबा खात होता. पण मला सारखी ती खिडकी दिसू लागली. आपला मुलगा खाली येऊन पाण्याला हात लावून निघून गेला, हे त्या बाईला कोणी तरी सांगेलच. बंदरावर काही लपत नाही. आणि कोणाच्या हुकमामुळे, तेही सांगेल. मी तिच्या जागी असते तर तसल्या विहिणीला जन्मभर क्षमा केली नसती.

"चल, ऊठ," मी म्हणाले.

"गाडीत घालतो की," सेबेरो म्हणाला.

"ओत्सोलार्रेचा माणूस दुसऱ्याच्या गाडीतून घरी येत नाही."

सिगोरने मान वर केली. "मी ओत्सोलार्रेचा केव्हापासून, आई?"

"शुक्रवारपासून. तोवर चाल."

तो सायकल ढकलत निघाला, नेकाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने. पहिल्या वळणावर मी म्हणाले, "सप्टेंबरात मंडळाबरोबर जाशील तेव्हा आईकडे जेवायचं. नीट बसून. आमचं जेवण त्या दिवशी रात्री होईल."

"आणि मंडळाचे बाकीचे वीस जण?"

"त्यांना सेबेरो जेवू घालील. फार कळवळा आहे त्याला." थोडे चालल्यावर मी पुढे म्हणाले, "आणि विहीणबाईंना सांग, गवत कापून झालं की इकडे यावं. मीच फोन करते. तुझ्यावर सोडलं तर धरणावरच अडकेल."

तो हसला आणि त्याला ठसका लागला.

शुक्रवारी नोटरीने प्रत्येक कुरणाच्या हद्दी वाचून दाखवल्या. माझा सगळा जीव त्या वाचनात होता. सिगोर मात्र खिडकीबाहेरच्या पॉपलरच्या पानांकडे पाहत होता.

"काय आहे तिकडे?" मी हळूच विचारले.

"वारा वायव्येचा आहे," तो कुजबुजला. "समुद्राकडून परत येताना पाठीशी असेल."

नोटरीने लेखणी पुढे केली. मी माझे पूर्ण नाव लिहिले, खाली घराचे नाव लिहिले, आणि लेखणी आधी नेकानेच्या हातात दिली.