टपालपेटीवरची सही

सह्या मतदारयादीशी ताडून बघणं हे ग्रामपालिकेत ओडिलिया गिस्लरचं काम. आज ‘ओढा वाचवायला सार्वमत घ्या’ या मागणीचे कागद आले होते. मागणी तिच्या मनातलीच होती. पण सह्या गोळा करणारी कंपनी आपल्या माणसांना सहीमागे पाच फ्रँक द्यायची, तिथं तिचं डोकं फिरायचं.

सतरावी सही तिचीच निघाली: ‘ओडिलिया गिस्लर-फुरर’. तिनं तर कुठंच सही केली नव्हती! शिवाय माहेरचं आडनाव जोडायचं ते फक्त दारच्या टपालपेटीवर, गावातल्या बायकांची हीच रीत. तिनं कागद पुन्हा चाळला. आणखी आठ बायका, सगळ्यांची जोडआडनावं. लबाडानं खुशाल टपालपेट्यांवरची नावं उतरवून काढली होती.

नऊही नावांवर तिनं लाल रेघ ओढली आणि पोलिसांकडे तक्रार लिहायला घेतली.

दुपारी कागद न्यायला कंपनीचा रेटो आला आणि रेघा बघून हबकला. “अहो बाई, ओढा तुमच्याच दारावरून वाहतो! तुम्ही सही केलीच असती ना?”

“केली असती. पण मी केली असती, मेल्या!”

आणि तक्रारीखाली तिनं ठसठशीत सही केली: ओडिलिया गिस्लर.