सर्व्हरचं जुनं नाव

हॉस्पिटलातले सगळे तिला वहिनी म्हणत. सर्जन म्हणत, लिफ्टवाला म्हणे, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले व्यवस्थापकसाहेबसुद्धा म्हणत. याला कारण तिची नणंद. नणंद तिथल्या लॅबची प्रमुख. वहिनी कॉम्प्युटर विभागात रुजू झाली त्याच दिवशी नणंदेनं भर कॅन्टीनमध्ये "वहिनी, इकडे ये गं" अशी हाक मारली आणि ते नाव जे चिकटलं ते कायमचंच. नणंदेला घरी चिऊ म्हणत, पण लॅबमध्ये तो शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. रक्ताच्या नळीवरची चिठ्ठी जरा तिरकी लागली, तरी ती लावणाऱ्याला सरळ करत असे.

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी चिऊचा फोन आला. लॅबच्या चारही कॉम्प्युटरवर लॉगिन होत नव्हतं. पासवर्ड टाकला की पडद्यावर एकच ओळ येई, सर्व्हरशी संपर्क होत नाही.

हा सर्व्हर म्हणजे हॉस्पिटलाची डिरेक्टरी. कोण कामाला आहे, कुणाचा पासवर्ड बरोबर, कुणाला काय उघडायची मुभा, ही सगळी खबर त्याच्याकडे. कुणी कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी डिरेक्टरीला विचारी, यांना आत घेऊ का? ही विचारपूस सांकेतिक भाषेत चाले, म्हणजे वाटेत कुणी कान लावला तरी त्याच्या हाती काही लागू नये. आणि बोलणं सुरू होण्याआधी सर्व्हरला आपलं सर्टिफिकेट दाखवावं लागे, की मी तोच, कुणी तोतया नाही. जुन्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली होती, म्हणून सोमवारी संध्याकाळीच वहिनीनं नवं चढवलं होतं. स्वतःच्या टेबलावरून तपासलं, दोन वॉर्डांतून तपासलं, सगळं झकास. ती खुशीत घरी गेली होती.

त्यामुळे चिऊचं ऐकताना तिनं आपल्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून पाहिलं, ते चटकन झालं, आणि ती बोलून गेली, "इथे तर सगळं ठीक आहे. तुम्हीच लोकांनी तिकडे काहीतरी खुडबुड केली असेल."

फोन स्पीकरवर होता. लॅबमधल्या सहा जणांनी ते ऐकलं. चिऊ म्हणाली की तू ये आणि स्वतःच बघ. तिच्या आवाजातला गारवा वहिनीला जिना उतरेपर्यंत जाणवत होता.

लॅबमध्ये पाहावं तर गर्दी उसळलेली. तपासणीची यंत्रं आपली चालू होती, आकडे दाखवत होती, पण ते वर वॉर्डात पोचवायचा रस्ता बंद. चिऊ उभ्यानंच रिपोर्ट हातानं उतरवत होती, दुसरी एक जण प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून पडताळत होती, आणि तयार झालेले कागद घेऊन एक मामा वर-खाली पळत होते. अकरा वाजता एक ऑपरेशन होतं. सर्जननी दोनदा निरोप पाठवला होता.

वहिनीनं पहिल्या कॉम्प्युटरपाशी बैठक मारली. केबल जागच्या जागी होती. सर्व्हरला हाक मारली तर ओ येत होती. त्याचं दारही उघडं होतं. घड्याळ चुकलं की सर्टिफिकेटची तारीख चुकीची वाटते, म्हणून घड्याळ पाहिलं, तेही बरोबर. म्हणजे दारापर्यंत सगळं सुरळीत आणि उंबरठ्यावर घोडं अडतंय.

तेवढ्यात व्यवस्थापकसाहेब आले. कुणाकडून तरी त्यांनी ऐकलं होतं की सर्टिफिकेट तपासणं बंद करायची एक सोय असते. एका ओळीचं काम आहे, तेवढं आता करून टाका, बाकीचं सावकाश बघू, असं त्यांचं म्हणणं.

ओळ खरंच एकच होती. वहिनीची बोटं कीबोर्डवर होती. तिनं मान वळवून चिऊकडे पाहिलं. चिऊच्या बोटांना शाई लागली होती.

"ती तपासणी काढली," वहिनी म्हणाली, "तर उद्या कुणीही मधे बसून म्हणेल, मीच सर्व्हर. आणि हे कॉम्प्युटर तुमचे सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या हवाली करतील. पेशंटचे कागद उघडणारे पासवर्ड."

साहेब चिऊकडे बघू लागले. लॅब तिची, खोळंबाही तिचाच.

"किती वेळ लागेल?" चिऊनं विचारलं.

"अर्धा तास दे."

"दिला," चिऊ म्हणाली आणि पुढचा रिपोर्ट लिहायला लागली. साहेब सर्जनना समजवायला वर गेले.

आता वहिनीनं त्याच कॉम्प्युटरवरून जोडणी पुन्हा करून पाहिली, पण या वेळी प्रत्येक पायरीची नोंद पडद्यावर उमटेल अशी सोय करून. नोंदी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीवर थांबल्या. नाव जुळत नाही.

तिनं कपाळाला हात लावला. सर्व्हरचं नाव दोन वर्षांपूर्वी बदललं होतं. सगळ्या हॉस्पिटलात नवं नाव भरलं गेलं, पण लॅबचे कॉम्प्युटर त्या यंत्रांबरोबर वेगळे आले होते, ते अजून जुन्याच नावानं विचारत होते. आतापर्यंत ते खपून गेलं, कारण तिच्या आधीच्या माणसानं जुन्या सर्टिफिकेटमध्ये सापडेल ते सगळं कोंबलं होतं. काल तिनं टापटिपीच्या नादात फक्त नवं नाव घातलं होतं. तपासलं तेही नव्या नावानंच.

हे हळूच दुरुस्त करून निघून जाता आलं असतं. सर्व्हरनं कुणाला सांगितलं नसतं. पण सकाळचं वाक्य सहा जणांनी ऐकलं होतं, आणि ते तिला खुर्चीत टोचत होतं. ती उभी राहिली.

"ऐका जरा. कुणीही खुडबुड केलेली नाही. काल मी सर्टिफिकेटमध्ये एक नाव घालायला विसरले. चूक माझी आहे, आणि फोनवर बोलले तेही चूक."

आकडे वाचणारी वाचायची थांबली. चिऊनं पेनाचं टोपण लावलं, मग पुन्हा काढलं. "बरं," ती म्हणाली, "मग घाल आता."

वहिनी धावत वर गेली, दोन्ही नावांचं सर्टिफिकेट केलं, सर्व्हरला दिलं आणि परत खाली आली. पहिला कॉम्प्युटर उघडला. दुसरा, तिसराही. तिचा जीव भांड्यात पडतोय तोच चौथा अडला. पुन्हा तीच ओळ, नाव जुळत नाही.

तिनं त्याचं सेटिंग उघडलं. तिथे नावच नव्हतं, सर्व्हरचा नुसता आकड्यांचा पत्ता होता. असले आकडे नव्या सर्टिफिकेटमध्ये असणार कुठून?

"हे कुणी घातलं?" ती स्वतःशीच पुटपुटली.

मागे चिऊ होती. तिचा चेहरा हळूहळू रंग बदलत होता. "मीच," ती अगदी हळू म्हणाली. "मागे एकदा बंद पडला होता. तुझ्या आधीच्या माणसाला करताना पाहिलेलं. म्हटलं, जमतंय का बघू. जमलं."

"म्हणजे खुडबुड."

"एकच कॉम्प्युटर गं," चिऊ म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. सहा जणांनी आपल्या बाईंना असं खुदखुदताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना नेमकं कुठे बघावं ते कळेना.

वहिनीनं आकडे खोडून नाव टाकलं. चौथाही उघडला. साडेनऊला सर्जनना हवे ते रिपोर्ट वर पोचले, मग चिऊनं हातानं लिहिलेले सगळे आकडे एकेक करून आत भरायला घेतले. वहिनी शेजारी बसून वाचून दाखवत होती. दुपारी साहेबांना पाठवलेल्या अहवालात तिनं आपली चूक पहिल्याच ओळीत लिहिली. चौथ्या कॉम्प्युटरचं काय लिहावं, यावर ती बराच वेळ अडली. शेवटी लिहिलं, "एका ठिकाणी पत्ता हातानं भरलेला आढळला, तो दुरुस्त केला."

चिऊनं तो अहवाल तिच्या खांद्यावरून वाचला आणि म्हणाली, "माझं नाव घाल त्यात. भरलाच होता मी."