धामणकरांची पाच मिनिटं

धामणकरांनी आम्हाला दिलेली पाच मिनिटं अजून संपलेली नाहीत. येत्या श्रावणात त्याला चार वर्षं होतील.

धामणकर म्हणजे मिरजेतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्या रविवारी दुपारी, पाचला पाच कमी असताना, ते हातात कुलूप घेऊन फाटकात उभे राहिले आणि ओरडले, "हॉल व्यायामशाळेला दिलाय. पाच मिनिटांत बाहेर व्हा!"

आत आम्ही एकवीस जण 'होशिमारू' या जपानी ॲनिमे मालिकेचा शेवटचा भाग लावणार होतो. आधीचे चारशे अकरा याच हॉलमध्ये, याच सतरंजीवर पाहिलेले.

"घरी मोबाइलवर बघा की," धामणकर म्हणाले.

"एकेकट्यानं?" निजाम बागवान म्हणाला. त्याचा केळीचा गाडा आहे. "तो काय बारावीचा निकाल आहे?"

भाग बावीस मिनिटांचा. पाचात बसत नव्हता, आणि अर्धा बघून उठणाऱ्यांतले आम्ही नव्हे.

तेव्हा ओतारींची तेजल उठली. होशिमारूत शत्रूनं तलवार उगारली की नायकाला लहानपण आठवतं, आणि ते सांगून होईपर्यंत, चार भाग लागोत की सहा, शत्रू तलवार तशीच धरून थांबतो. आम्हाला त्यात कधी नवल वाटलं नाही. तेजलनं आईच्या शिलाई मशीनची आठवण काढली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा थांबला, टीव्हीही थांबला. खिडकीबाहेरचं कबुतर हवेत थांबलं. धामणकरही एक पाय उचललेला, तसेच थांबले. फक्त कान चालू. ती आठ महिने बोलली.

नियम हळूहळू कळत गेले. आठवण स्वतःची लागते. ती एकदाच चालते. आणि एक जण बसून दुसरा उठेपर्यंत जेवढी फट पडते, तेवढ्यात काटा सरकतो आणि धामणकर एक पाऊल टाकतात. रुक्साना सिस्टरनी पहिल्या बाळंतपणाची हकिकत सांगितली तेव्हा धामणकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गालावर सात आठवडे होतं.

आत्ताच विसावी आठवण संपली. धामणकर दारात आहेत. कुलूप कडीत अडकलंय. काटा पाचला टेकायला केसभर कमी.

उरलो मी, वय त्र्याहत्तर. माझी अडचण वेगळी. जन्मभर थापा मारल्यामुळे खरी आठवण अशी माझ्याकडे शिल्लकच नाही.

"आबा, खोटं सांगू नका हं," तेजल कुजबुजली. "काटा सरकेल."

"सरकू दे. मला इथून कोण उठवतंय ते बघू."

मी सतरंजीच्या मधोमध मांडी घातली. "माझा जन्म," मी म्हणालो, "होशिमारूच्या तरंगत्या बेटावर झाला. सुईण म्हणून खेकडीण बोलावली होती."

काटा थरथरला. निजामनं माझा हात धरला, निजामचा तेजलनं, तेजलचा रुक्साना सिस्टरनी, असे एकवीस जण.

"बोला आबा," निजाम म्हणाला. "थांबायचं नाही."

मी आवाज चढवला. समुद्राचा रंग सांगितला, बेटाचा नांगर सांगितला.

धामणकरांनी किल्ली फिरवली. कुलपाच्या भोकातून पाण्याचा थेंब पडला, मग बारीक धार लागली. त्यांनी ती बोटानं चाखून पाहिली.

"खारट आहे," ते म्हणाले. मग वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले. "पुढं?"